वेस्ट कोस्ट ऐकायचंय? आधी लेबल वाच

वेस्ट कोस्ट, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हिप-हॉप नव्याने ऐकतोयस, तर थेट एन.डब्ल्यू.ए. या गाजलेल्या रॅप ग्रुपवर उडी मारू नकोस. आधी लॉस एंजेलिसच्या इजिप्शियन लव्हर या कलाकाराची १९८४ ची गाणी ऐक. ८०८ ड्रम मशीनचा तो ठोका अंगात भिनू दे. मग रेकॉर्डवरचं लेबल, म्हणजे ती काढणाऱ्या कंपनीचं नाव, वाचायची सवय लाव. हॉलिवूडची मकोला कंपनी पैसे भरणाऱ्याला रेकॉर्ड छापून द्यायची, दुकानांपर्यंत पोचवायचीही. म्हणून पोरांनी मोठ्या कंपन्यांच्या दारात ताटकळण्यापेक्षा स्वतःची लेबलं काढली. एन.डब्ल्यू.ए.मधल्या रॅपर ईझी-ईचं रुथलेस त्यातलंच, १९८७ चं. आणि कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडला विसरू नकोस! रॅपर टू शॉर्ट तिथे गाडीच्या डिकीतून कॅसेट विकायचा. मला तर हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याचा ‘बॉर्न टू मॅक’ हा अल्बम आधी स्वतःच्या लेबलवर निघाला, जाइव्ह कंपनी नंतर आली.