गच्चीवर सामुदायिक भाजीबाग: हे समाजकार्य म्हणता येईल का?

तुम्ही विचारलंय की मुंबईत सोसायटीतल्या पंधरा-वीस घरांनी मिळून गच्चीवर भाजी लावली, तर ते समाजकार्य की नुसती हौस. माझ्या मते समाजकार्यच, पण भाजीमुळे नाही. चार जुड्या पालकाने कुणाचं घर चालत नाही. खरा फायदा तुमच्या सोसायटीबाहेरच्या माणसांना होतो.

देवनारला 1927 पासून मुंबईचा कचरा पडत आलाय. ढिगाच्या पोटात हवा जात नाही, ओला कचरा कुजून मिथेन हा पेटणारा वायू तयार होतो आणि आग धुमसत राहते. जानेवारी 2016 मधल्या आगीचा धूर शहरभर दिसला, पण ढिगाशेजारच्या गोवंडीतल्या लेकराबाळांना त्यातच श्वास घ्यावा लागला. तुमच्या स्वयंपाकघरातली सालं-देठं गच्चीवर जिरली, तर त्यांच्या दारातला ढीग तेवढा कमी. म्हणून आधी खत, मग बियाणं.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनमध्ये हे झालंय. तिथल्या तेव्हाच्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा गच्चीवरच जिरवायला सुरुवात केली आणि त्यावर भाज्या, फळझाडं उभी केली. पद्धत श्रीपाद दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’च्या, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या गटाच्या, वळणाची. माती अगदी थोडी; बाकी उसाची चिपाडं, पालापाचोळा आणि ओला कचरा. त्यामुळे गच्चीवर भारही कमी येतो. (वॉटरप्रूफिंग आणि स्लॅब मात्र इंजिनिअरला दाखवूनच घ्या.)

खत करताना ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट तरी सुका पाला घाला. मूठभर माल घट्ट दाबून बघा: हाताला ओल लागली पाहिजे, पाणी गळता कामा नये. आत हात घातल्यावर ऊब लागली की काम सुरू झालं. आंबूस वास आला तर पाला कमी पडलाय. आणखी पाला घालून ढीग खालीवर करा. रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षांचा पाला पोत्यात भरून ठेवा, नाहीतर कोणीतरी तो कोपऱ्यात जाळतोच.

आणि एक गोष्ट बी पेरण्याआधीच सभेत ठरवून घ्या. ढीग खालीवर कोण करणार? बहुतेक ठिकाणी पहिल्या महिन्याचा उत्साह ओसरला की हे काम न बोलता सफाईवाल्या मावशींच्या गळ्यात पडतं. सभासदांच्या पाळ्या लावा. मावशींनीच करायचं असेल, तर मेंटेनन्समधून त्याचे वेगळे पैसे द्या आणि भाजीच्या वाटणीत त्यांचाही वाटा ठेवा.