आई-बाबांना घेऊन जूनमध्ये आल्प्स पाहायचे असतील, तर कुठे राहावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबा सत्तरीला टेकलेले, बऱ्यापैकी चालणारे, पक्के शाकाहारी. जूनच्या उत्तरार्धात आठ-दहा दिवस हातात आहेत. डोंगर, तळी आणि जुनी गावं तिन्ही हवीत, पण रोज सकाळी बॅगा भरून बसमध्ये बसायचं नाही. स्वित्झर्लंड घ्यावं की दुसरं काही?

माझं मत विचाराल तर ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग आणि त्याला लागून असलेला साल्झकामरगुट हा तळ्यांचा प्रदेश. मी म्युनिकला राहतो. इथून साल्झबर्ग रेल्वेनं दोन तासांच्या आत येतं, त्यामुळे पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना तिकडे फिरवून आणण्याचं खातं आपसूक माझ्याकडे आलंय. स्वित्झर्लंडचे डोंगर जास्त उंच आहेत, त्यात वाद नाही. पण तिथे एकेका शिखराच्या तिकिटाला जे पैसे पडतात ते ऐकून आपले आई-बाबा 'आम्ही खालीच बसतो, तुम्ही जाऊन या' म्हणतात. इथे ती वेळ सहसा येत नाही.

आता मुद्द्याचं. कुठे जायचं यापेक्षा कधी वर चढायचं, हे इथे जास्त महत्त्वाचं आहे. वायव्येकडून येणारी ओलसर हवा आल्प्सच्या उत्तर कडेवर अडते आणि तिथेच रिकामी होते. साल्झबर्ग नेमकं त्या कडेला आहे. जून-जुलै हे तिथले भर पावसाचे महिने. आपल्यासारखा कोसळत नाही, पण चिवट असतो. दिवसभर बारीक धार धरून बसतो. घरी बसून तक्त्यात 'मंगळवार: शिखर, बुधवार: तळं' असं लिहून आलेली मंडळी मंगळवारी ढगात उभी राहतात आणि बुधवारी लख्ख उन्हात म्युझियममध्ये असतात. म्हणून दिवसांना नावं देऊ नका. हॉटेलं ठरवा, डोंगराचा दिवस हवेवर सोडा. ऑस्ट्रियाच्या सरकारी हवामान खात्याचा, जिओस्फेअर ऑस्ट्रियाचा, पुढच्या दोन दिवसांचा अंदाज भरवशाचा असतो. शिवाय जवळजवळ प्रत्येक रोपवेच्या संकेतस्थळावर शिखरावरचा कॅमेरा थेट दिसतो. सकाळी चहा पिता पिता तो बघायचा. पांढरंफटक दिसलं, तर त्या दिवशी वर जायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. आणि वर जायचं ते सकाळीच. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट होऊन वादळी सर येणं इथे नेहमीचं आहे.

हे जमायचं, तर मुक्काम मोक्याच्या ठिकाणी हवा. माझी निवड बाड इश्ल. गाव फोटोत फार देखणं नाही, पण हालश्टाटची रेल्वे इथूनच जाते, आणि सांक्ट वोल्फगांगची, गोझाऊची, साल्झबर्गची बसही इथूनच मिळते. इथे चार-पाच रात्री आणि मग साल्झबर्ग शहरात तीन, एवढं बास. घरगुती अपार्टमेंट मिळालं तर स्वयंपाकघर असतं, आईंना रात्री वरण-भात टाकता येतो. एक लक्षात ठेवा: रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळीच दूध-भाजी आणून ठेवा, नाहीतर सोमवारपर्यंत बिस्किटांवर राहावं लागेल. (साल्झबर्गच्या मुख्य रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. तेवढाच आधार.)

पहिला स्वच्छ दिवस शाफबर्गला द्या. वोल्फगांगझे तळ्याच्या काठावरच्या सांक्ट वोल्फगांग गावातून १८९३ सालापासून दातेरी रुळांची रेल्वे वर जाते. शिखर १,७८३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडं जास्त, पण इथे चढायचं गाडीत बसून. साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. झाडी संपते, गायी दिसायला लागतात, डबा पुढून चांगलाच वर उचललेला असतो आणि बाबा समोरच्या बाकाची कड घट्ट धरून, आपण काहीच धरलेलं नाही अशा चेहऱ्यानं बाहेर बघत असतात. वरच्या स्टेशनपासून माथ्यापर्यंत थोडाच चढ आहे. दक्षिणेकडून डोंगर बाकदार कुरणासारखा वाटतो, पण माथ्यावर गेलात की उत्तर बाजू एकदम तुटलेली, सरळ खाली कडा. खाली मोंडझे आणि आटरझे ही तळी, मागे वोल्फगांगझे, आणि दूर डाखश्टाइन पर्वताचा बर्फ. कड्याकडे आई-बाबांना कठड्याच्या आतच ठेवा. माथ्यावरचं हॉटेल १८६२ चं आहे, तिथे गरम सूप मिळतं. सुपाबद्दल पुढे बोलतो, घाई करू नका.

गाडीच्या तिकिटावर परतीची वेळही ठरलेली असते आणि उन्हाच्या दिवशी जागा पटकन संपतात. म्हणून अंदाज पक्का दिसला की आदल्या दिवशीच ऑनलाइन काढून टाका. खाली उतरल्यावर लगेच बस पकडू नका. गावातल्या चर्चमध्ये मिखाएल पाखर या कलाकाराची १४८१ सालची लाकडी कोरीव वेदी आहे, ती बघा. इतकी बारीक कारागिरी मूळ जागी, त्याच चर्चमध्ये टिकून राहिलेली फार ठिकाणी सापडत नाही. मग बोटीनं सांक्ट गिल्गेन. संगीतकार मोझार्टची आई याच गावची.

आता हालश्टाट. इंटरनेटवर आल्प्स म्हणून जो एक फोटो सगळीकडे फिरतो, तो बहुतेक वेळा याच गावाचा असतो: तळ्याच्या काठाला चर्चचा सुळका आणि मागे उभा डोंगर. चीनमध्ये २०१२ साली या गावाची नक्कलसुद्धा उभी राहिली. लोकवस्ती आठशेच्याही आत, आणि गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत माणसं येऊन जातात. २०२३ मध्ये गावकऱ्यांनी वैतागून सेल्फीच्या जागेसमोर लाकडी कुंपण घातलं होतं. बोभाटा झाल्यावर काढलं, पण त्यांचा वैताग खरा होता. तेव्हा सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात तिथे पाऊलही टाकू नका. एक तर सकाळी पहिल्या गाड्यांनी जा, किंवा दुपारी चारनंतर. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, टूरच्या बसेस पाचच्या सुमाराला निघून गेलेल्या असतात आणि गाव पुन्हा गावासारखं होतं. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे, तेवढं मात्र आधी बघून ठेवा.

जायचं रेल्वेनंच. स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे, कारण गावाच्या बाजूला डोंगर थेट पाण्यात उतरतो. १८९० पर्यंत गावात धड रस्ताही नव्हता. होडी किंवा पायवाट. गाडीतून उतरलं की उतारावरून खाली छोटी बोट गाडीचीच वाट बघत उभी असते. सुटे युरो जवळ ठेवा. पुढच्या दहा मिनिटांत गाव आपल्या दिशेनं सरकत येतं आणि घरांच्या खिडक्यांतली फुलं वेगवेगळी दिसायला लागतात. रस्त्यानं आलेल्यांना हे मिळत नाही.

बहुतेक लोक फोटो काढून परततात आणि गावाची खरी गंमत राहून जाते. इथलं सगळं मिठावर उभं आहे. इसवी सनापूर्वी कित्येक शतकं इथल्या डोंगरातून मीठ निघत होतं. खाणीत सापडलेला एक लाकडी जिना इ.स.पू. १३४४ चा आहे. लाकडाच्या वलयांवरून वर्ष काढलंय. १८४६ मध्ये खाणीतले अधिकारी योहान गेओर्ग रामझाउअर यांना प्राचीन दफनभूमी सापडली आणि पुढच्या सतरा वर्षांत त्यांनी हजारच्या आसपास कबरी नोंदवल्या, चित्रांसकट. त्यावरूनच युरोपातल्या सुरुवातीच्या लोहयुगाला 'हालश्टाट संस्कृती' हे नाव मिळालं. खाण पाहता येते, वर जायला वणीच्या सप्तशृंगी गडावर आहे तशी फ्युनिक्युलर आहे, पण ती दुरुस्तीसाठी बंद नाही ना, हे निघण्याआधी बघा.

कॅथलिक चर्चच्या मागे एक लहानशी खोली आहे. तिथे बाराशेवर कवट्या मांडून ठेवल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या रंगवलेल्या आहेत. कारण साधं: डोंगर आणि पाणी यांच्या मध्ये दफनाला जागाच नाही. दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडायची, कवटी उन्हात पांढरी करायची, कपाळावर नाव लिहायचं, बाजूनं फुलांची किंवा पानांची वेल काढायची आणि घरच्यांशेजारी ठेवायची. शेवटची कवटी १९९५ मध्ये ठेवली गेली. भयंकर वाटेल असं मला आधी वाटायचं, पण पाहुण्यांपैकी वयस्कर माणसंच तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबतात. एक काकू प्रत्येक आडनावाच्या रांगेत कोण नवरा, कोण बायको ते जुळवत बसल्या होत्या. वर जायला पायऱ्या आहेत, दमानं घ्या.

दुसरा स्वच्छ दिवस गोझाऊझेला. बस थेट तळ्याकाठी सोडते. वारा नसला तर डाखश्टाइनची हिमनदी पाण्यात उलटी दिसते. तळ्याभोवतीची वाट जवळजवळ सपाट, तासा-सव्वा तासाची, म्हणजे सत्तरीच्या पायांना अगदी रास्त. हालश्टाटजवळच्या ओबरट्राउन गावाहून क्रिपेनश्टाइन डोंगरावर जाणारा रोपवे आणि तिथला कड्याबाहेर काढलेला 'फाइव्ह फिंगर्स' सज्जा पाहायचा असेल तर जरूर पाहा, जूनमध्ये वाटेवर बर्फाचे पट्टे असतात. त्याच रोपवेच्या वाटेवरची बर्फाची गुहा मात्र मी सोडून द्यायला सांगेन. आत पायऱ्याच पायऱ्या आणि थंडी शून्याच्या आसपास. गुडघ्यांची बोलणी पुढे आठवडाभर ऐकावी लागतील.

पावसाचे दिवस वाया जात नाहीत. इश्लमध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट फ्रान्झ योझेफ याचा उन्हाळी बंगला आहे. २८ जुलै १९१४ रोजी सर्बियाविरुद्धच्या युद्धघोषणेवर त्यानं इथेच सही केली आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. बाबा इतिहासप्रेमी असतील, तर ती अभ्यासिका बघून गप्प होतील. नंतर १८३२ पासून चालू असलेल्या झाउनरच्या दुकानात कॉफी.

साल्झबर्गचा जुना भाग छत्री घेऊनही छान फिरता येतो. १०७७ मध्ये बांधायला घेतलेला होहेनसाल्झबर्ग किल्ला, गेट्राइडेगासवरचं मोझार्टचं जन्मघर, हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मी हेलब्रुनचा आग्रह धरेन. मार्कुस झिटिकुस या आर्चबिशपनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा मौजेचा वाडा. बागेत दगडी मेज आणि भोवती दगडी बैठका. बैठकांना मधोमध भोकं, त्यातून अचानक कारंजी उडायची. यजमान बसलेला असताना उठायचं नाही हा रिवाज, म्हणून पाहुणे भिजत बसायचे. यजमानाची जागा तेवढी कोरडी! अजूनही ती कारंजी चालतात आणि मार्गदर्शक कोणालाही सोडत नाही. आईंना रेशमी साडी नेसवून नेऊ नका.

साल्झबर्गहून जर्मनीतलं क्योनिग्झे तळंही बसनं एका दिवसात होतं. तिथे १९०९ पासून विजेवरच्याच बोटी आहेत, त्यामुळे आवाज नाही. मध्येच बोट थांबवून नावाडी कड्यासमोर तुतारीसारखं वाद्य वाजवतो आणि सूर परत येतो. व्हिसा एकच चालतो, पण पासपोर्ट बरोबर ठेवा. जर्मन हद्दीवर तपासणी होते. ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता मात्र स्वतःची गाडी असेल तरच. बसनं धावतपळत करण्यात मजा नाही.

खाण्याचं. मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं इथे धरू नका. 'फ्रिटाटेनझुपं' नावाचं सूप दिसायला निरुपद्रवी, वर धिरड्याच्या शेवया तरंगत असतात, पण खालचं पाणी गोमांसाचं. मटार किंवा भोपळ्याचं दाट सूप असलं तरी विचारूनच घ्या. 'कासनोकन' म्हणजे चीजमध्ये परतलेल्या पिठाच्या गोळ्या, पोटभरीच्या, लोखंडी तव्यातच समोर येतात; त्यात अंडं असतं, 'कायझरश्मारन' या गोड, जाड धिरड्याच्या तुकड्यांमध्येही. अंडं चालत नसेल तर आधी सांगा. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

व्हिसासाठी मुक्काम जास्त ऑस्ट्रियात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. तो सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. साल्झबर्गमधलं हॉटेल घेताना पाहुण्यांसाठीच्या मोफत प्रवास तिकिटाबद्दल विचारा. २०२५ पासून साल्झबर्ग प्रांतात राहणाऱ्यांना ते मिळतं. इश्ल आणि हालश्टाट शेजारच्या प्रांतात येतात, तिथे ते चालत नाही. आणि काही कारणानं तारखा पुढे गेल्या, तर जुलैअखेर ते ऑगस्टअखेर टाळून थेट सप्टेंबर धरा. जुलै-ऑगस्टच्या त्या काळात साल्झबर्गचा संगीत महोत्सव असतो आणि हॉटेलांचे भाव आवाक्याबाहेर जातात.