मुंबईत फिरायला येतो आणि हॉटेलच्या टेबलावर भांडतो

प्रश्न: दरवर्षी मे महिन्यात आम्ही सहा जण लातूरहून तीन दिवसांसाठी मुंबईला येतो. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, सासऱ्यांना मधुमेह आहे, नवऱ्याला मासे हवे असतात आणि दोन्ही मुलांना पिझ्झा. हॉटेलात बसलं की मेन्यू कार्ड अर्धा तास सगळ्यांच्या हातातून फिरतं आणि शेवटी सगळे माझ्याकडे बघतात. बिल आलं की सासरे मोठ्यांदा म्हणतात, "एवढ्यात घरी महिन्याची भाजी आली असती." नवरा चिडतो, मी रडकुंडीला येते. यंदा जाऊच नये असं वाटतंय.

उत्तर: ताई, जा. फक्त कुठे जेवायचं हे भूक लागल्यावर ठरवू नका, आणि एकट्याने तर मुळीच ठरवू नका.

पाहुण्या कुटुंबांचं मुंबईत बहुतेक असंच होतं. सकाळी राणीच्या बागेत शिरायचं, उन्हात हिंडायचं, दोन वाजता बाहेर पडायचं आणि मग "एखादं चांगलं हॉटेल" शोधत फुटपाथवर चालायचं. ऑफिसवालेही त्याच वेळी जेवायला आलेले असतात. टेबल मिळेपर्यंत अडीच वाजतात. थाळीची बरीच हॉटेलं तीन-साडेतीनला स्वयंपाकघर बंद करतात, ते थेट सातला उघडतं. तोवर पोरं किरकिरी झालेली असतात आणि सासऱ्यांची साखर उतरलेली. अशा वेळी कुणीही भांडेल.

म्हणून बाराला टेबलावर बसायचं. बागेतून साडेअकराला निघालात तर भायखळ्याहून धीम्या लोकलने माटुंगा पाचवं स्टेशन. तिथे स्टेशनजवळ रामा नायक यांचं १९४२ सालचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. जिना चढावा लागतो, सोमवारी बंद असतं. (आणि बाग बुधवारी बंद असते, हे विसरून फाटकापर्यंत जाणारे दर आठवड्याला असतात.)

सासूबाईंसाठी एक शब्द पाठ करा: "जैन". "कांदा-लसूण नको" म्हटलं की वेटर मान डोलावतो आणि आत तीच तयार ग्रेव्ही पडते, कारण कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही सकाळीच शिजवून ठेवलेली असते. "जैन बनवा" म्हटलं की ऑर्डरच्या चिठ्ठीवर तसं लिहिलं जातं आणि पदार्थ वेगळा होतो. त्याला थोडा जास्त वेळ लागतो, बटाटाही जातो. जैन पावभाजीत त्याजागी बहुतेक कच्ची केळी असतात. दाल फ्रायच्या फोडणीत लसूण असतो, सांबारात कांदा, मसाला डोशाच्या भाजीतही कांदा. बिनघोर काय मागवावं? इडली किंवा साधा डोसा, सोबत खोबऱ्याची चटणी. दहीभातही चालतो. चटणीबद्दल एकदा विचारून घ्या.

सासऱ्यांचं जास्त जपायला हवं. जेवणाआधीची गोळी किंवा इन्शुलिन असेल तर ते हॉटेलच्या दारात रांगेत उभं राहून घेऊ देऊ नका. ताट समोर येईपर्यंत पाऊण तास गेला तर घाम फुटतो, हात थरथरतात. अन्न दिसल्यावर घेतलं तर चालेल का, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. खिशात साखरेच्या पुड्या असू द्या. बसल्या बसल्या त्यांच्यासाठी इडली मागवा, ती तयारच असते. तंदूरमधल्या पदार्थांना वीस मिनिटं सहज लागतात.

प्रमाण असं धरा: सहा जणांना दोन भाज्या, एक डाळ, माणशी दोन रोट्या, एक भात. तेवढंच आधी सांगायचं. कमी पडलं तर दुसऱ्या फेरीत मागवता येतं. आलेलं परत जात नाही. पोटभर थाळीच्या हॉटेलात एका ताटात दोघांना जेवू देत नाहीत, लहान मुलांचा दर वेगळा आहे का ते आधीच विचारा.

माशांसाठी एक संध्याकाळ फुटून जा. दादरला सासू-सासरे आणि तुम्ही सेना भवनासमोरच्या आस्वादमध्ये बसा, नवरा जवळपासच्या एखाद्या मालवणी हॉटेलात. वास सहन करत बसलेल्या सासूबाई आणि अपराधी चेहऱ्याने सुरमई खाणारा मुलगा, हे दोघांनाही नको असतं. कार्डावर सुरमई-पापलेटसमोर आकडा नसेल तर तुकड्याचा भाव आधी विचारायला त्यांना सांगा. पिझ्झा पाचच्या खाऊला, दोघांत एक.

आता बिल. सासऱ्यांना जे बोचतं ते जेवण नसून आकडा अचानक समोर येणं आहे. मेन्यूचे फोटो मोबाइलवर सापडतात. आदल्या रात्री लॉजवर नवऱ्याने ते बघून वडिलांना अंदाजे रक्कम सांगावी. तुम्ही नाही, त्यांनी. त्याहून बरं म्हणजे तीन दिवसांच्या जेवणाचे पैसे पाकिटात घालून सासऱ्यांच्याच हाती द्यावेत. काटकसरी माणसाला खर्चाची किल्ली देणं विचित्र वाटेल, पण मग तो भाजीचा भाव काढत नाही, पाकिटात किती उरले ते मोजतो. काय मागवायचं ते मात्र आधीच ठरलेलं हवं, नाहीतर सहा जणांत तीन डोसे येतील.

बिल तपासायचं कामही त्यांना द्या, ते मनापासून करतील. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के, म्हणजे अडीच अधिक अडीच. न मागता उघडलेल्या पाण्याच्या बाटल्या मोजा. बसतानाच "साधं पाणी" म्हणावं. "सर्व्हिस चार्ज" अशी ओळ असेल तर ती काढायला सांगता येते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप लावायला जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. "हे काढून द्या" एवढं शांतपणे म्हणायचं. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

परतीच्या रात्री गाडीसाठी इडलीचं पार्सल घ्या. सांबार नको, बर्थवर सांडतं. खोबऱ्याची चटणी मे महिन्यात रात्रभर टिकत नाही. ती गाडी सुटताच संपवा आणि सकाळच्या इडलीसाठी घरून कोरडी शेंगदाण्याची चटणी आणा, सासूबाईंसाठी बिनलसणाची.