२७० पौंड कशासाठी?

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतच्या चित्रफिती मिळाल्या. येत्या ऑगस्टपर्यंत वजन २२५ वरून २७० पौंडांवर नेलेस तरच शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात डिफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेच्या, मधल्या जागेसाठी तुझा विचार होईल, असे कोचनी तुला सांगितले आहे. त्यांना हवे तसे शरीर घडवावे की आहे त्या शरीराने खेळून दाखवावे, हा तुझा प्रश्न आहे. हे पत्र आई-बाबांनाही वाचायला दे. इतकी वर्षे अमेरिकेत काढूनही त्यांनी हा खेळ बहुधा सुपर बोलच्या, म्हणजे वर्षाच्या अंतिम सामन्याच्या, रात्रीच पाहिला असेल, म्हणून तुला पाठ असलेल्या काही गोष्टीही मी फोडून लिहीत आहे.

कोचच्या मनातला साचा म्हणजे नुसती लहर, असे गृहीत धरू नकोस. लाइनवरच्या खेळाडूला किती वजन लागते, हे त्याला कोणते काम नेमून दिले आहे यावर ठरते. समोरच्या आक्रमणाच्या रांगेत मधोमध असलेल्या सेंटरच्या बरोबर तोंडासमोर उभे राहायचे, त्याला हातभर अंतरावर रोखून धरायचे आणि चेंडू घेऊन धावणारा कोणत्या बाजूने येतो हे कळेपर्यंत सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या फटी, म्हणजे शेजारच्या खेळाडूपर्यंतच्या मोकळ्या जागा, एकट्याने सांभाळायच्या, हे काम ज्याच्या वाट्याला येते त्याच्यावर सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड असे दोघे मिळून वारंवार तुटून पडतात. तो जागचा हलला नाही तर त्याच्या मागचे लाइनबॅकर मोकळे राहतात आणि टॅकलचे, म्हणजे धावणाऱ्याला पाडण्याचे, श्रेयही त्यांच्याच नावावर लागते. अशा कामाला जड कंबर, जाड मांड्या आणि लांब हात लागतात. नुसती जिद्द तिथे पुरत नाही. याउलट ज्या पद्धतीत प्रत्येकाला एकच फट दिलेली असते, तिथे चेंडू हलताक्षणी त्या फटीत घुसणे हेच मुख्य काम असते, आणि तिथे वजनापेक्षा पहिल्या पावलाला अधिक मोल असते.

एकाच काळातले, एकमेकांशी हाडवैर असलेले दोन संघ पाहा. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, पहिल्याच फेरीत व्हिन्स विल्फोर्कला घेतले. उंची ६ फूट २ इंच आणि वजन सुमारे ३२५ पौंड, म्हणजे जवळजवळ १४७ किलो. त्यांचे कोच बिल बेलिचिक यांच्या तेव्हाच्या बचावात मधल्या माणसाने दोन फटी अडवून धरणे अपेक्षित होते आणि विल्फोर्क नेमका त्याच कामाचा होता. त्याआधी दोनच वर्षे, २००२ मध्ये, कोच टोनी डंजी यांच्या इंडियानापोलिस कोल्ट्सनी पहिल्या फेरीतली अकरावी निवड खर्च करून ड्वाइट फ्रीनीला आणले होते. तो ६ फूट १ इंच उंचीचा आणि २७० पौंडांच्या आतबाहेरचा. एंडच्या, म्हणजे लाइनच्या टोकाच्या, जागेसाठी हा फारच बुटका, अशी कुरकुर तेव्हा बरीच झाली. पुढच्या वर्षी पाचव्या फेरीत आलेला रॉबर्ट मॅथिस तर त्याहूनही हलका होता. या दोघांच्या नावावर अनुक्रमे १२५.५ आणि १२३ सॅक (चेंडू फेकणाऱ्याला फेकण्याआधीच पाडणे) लागले, आणि २०२४ मध्ये फ्रीनी हॉल ऑफ फेममध्ये गेला.

कोल्ट्सना हलकी माणसे चालली, यामागे हिशेब होता. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, पेटन मॅनिंग लवकर आघाडी मिळवून देत असे. मागे पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला मग चेंडू फेकण्यावाचून गत्यंतर नसे, आणि घरचे सामने छताखाली, कृत्रिम गवतावर होत असल्याने पायांची चपळाई पुरेपूर वसूल होई. त्याची किंमतही त्यांनी मोजली. २००६ च्या हंगामात धावत्या खेळाविरुद्ध त्यांनी दर सामन्यात सरासरी १७३ यार्ड दिले, म्हणजे संपूर्ण लीगमध्ये ते शेवटचे होते. डिसेंबरमध्ये जॅक्सनव्हिलने तर एकाच सामन्यात त्यांच्यावर ३७५ यार्ड काढले. त्याच हंगामात मध्येच टॅम्पा बेकडून अँथनी मॅकफार्लंड हा ३०० पौंडांचा टॅकल (लाइनच्या आतल्या जागेवरचा बचावपटू) त्यांनी आणला, म्हणजे चपळाईच्या भोक्त्या कोचलाही मधोमध एक जड माणूस लागलाच. पुढे जानेवारीत त्यांनी पेट्रियट्सना ३८-३४ असे हरवले आणि सुपर बोलही जिंकला. म्हणून तुझ्या कोचच्या आकड्याचा विचार करताना त्यांचा संघ चेंडू कसा खेळतो, तुमच्या जिल्ह्यातले संघ धावतात की फेकतात आणि तुझ्या शेजारी कोण उभा राहणार आहे, हे सगळे त्या आकड्याच्या आधी पाहावे लागते.

आता तू ज्याचे नाव पत्रात मोठ्या विश्वासाने घेतलेस त्या ॲरन डोनाल्डविषयी. तो जेमतेम ६ फूट १ इंचाचा, आणि आतल्या जागेसाठी लहान म्हणून २०१४ मध्ये त्याच्याविषयी शंका घेतल्या गेल्या, हे खरे आहे. तेराव्या क्रमांकावर रॅम्सनी त्याला घेतले, २०१७, २०१८ आणि २०२० असे तीन वेळा तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि २०१८ मध्ये आतल्या जागेवरून खेळत त्याने २०.५ सॅक काढले. मात्र त्याच डोनाल्डने २८५ पौंड वजनाने ४० यार्ड ४.६८ सेकंदांत कापले होते, हे तू लिहिले नाहीस. उंचीत ज्याला सूट मिळते त्याच्याकडे दुसरे काहीतरी इतके जास्त असते की कोचला डोळेझाक करता येत नाही. डोनाल्डचे उदाहरण देऊन कोचशी वाद घालू नकोस. तो वाद तू हरशील, आणि हरणेच योग्य ठरेल.

माझ्या दृष्टीने तुझ्या परिस्थितीला कर्ली कल्प यांचे उदाहरण अधिक लागू पडते. १९६७ मध्ये ॲरिझोना स्टेटकडून ते कुस्तीतले हेवीवेट राष्ट्रीय विद्यापीठ विजेते होते. १९६८ मध्ये डेन्व्हरने त्यांना ड्राफ्टमध्ये घेतले, मात्र आमच्याकडे तुझी जागा आक्रमणाच्या गार्डची आहे, असे ठरवून त्यांना तिथे उभे केले, आणि ते जमेना तेव्हा कॅन्सस सिटीला देऊन टाकले. तिथे ते बचावाच्या आतल्या जागेवर आले. जानेवारी १९७० च्या सुपर बोलमध्ये मिनेसोटाच्या हलक्या सेंटरच्या तोंडासमोर जड माणूस उभा करण्याची चाल कॅन्सस सिटीने खेळली, त्यात कल्प होते, आणि सामना २३-७ असा जिंकला. पुढे ह्यूस्टनमध्ये बम फिलिप्स यांच्या तीन जणांच्या लाइनमध्ये ते नोज टॅकल, म्हणजे सेंटरसमोरचा मधला बचावपटू, म्हणून गाजले. शरीर सगळीकडे तेच होते, साधारण २६५ पौंडांचे. फरक पडला तो, त्या शरीराला कोणते काम द्यायचे हे कोण ठरवत होते, यामुळे.

तुझ्या चित्रफिती मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिल्या. दुसऱ्या चित्रफितीत, प्रतिस्पर्ध्याच्या तिसऱ्या प्रयत्नावर, तू गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा आहेस. चेंडू हलतो तेव्हा तुझा उजवा पाय पुढे पडण्याआधी बोटभर मागे सरकतो आणि त्याच क्षणी तुझे हेल्मेट वर येते. गार्डचे हात तुझ्या छातीवर आधी पोचतात आणि तू जिथल्या तिथे थिजतोस. तू त्याहून बुटका आहेस, म्हणजे वास्तविक तुझे खांदे त्याच्या खांद्यांखाली असायला हवे होते, आणि तू मात्र उभा राहून तो फायदा त्याला देऊन टाकलास. शेवटच्या चित्रफितीत एकदाच पाय मागे न सरकता पुढे पडतो, डावा हात त्याच्या काखेखाली घुसतो, आणि तो गार्ड तुझ्याहून स्पष्टच जड असूनही टाचांवर जातो. या दोन डावांमधला फरक ४५ पौंडांनी भरून निघणारा नाही. उलट मागे सरकणारा पाय तसाच ठेवून तू जड झालास, तर तेच पाऊल आणखी उशिरा पडेल.

म्हणून या हिवाळ्यात शाळेच्या कुस्ती संघात नाव घाल. शालेय हेवीवेट गटाची कमाल मर्यादा २८५ पौंड आहे, त्यामुळे तुला वजन उतरवण्याची सक्ती होणार नाही, आणि कंबर खाली ठेवून दुसऱ्याचे वजन हातांनी ओळखण्याचा इतका रोकडा सराव दुसरीकडे कुठेही मिळत नाही. आजोबांना फोन करून सांगितलेस तर त्यांना तुझ्या फुटबॉलपेक्षा हीच बातमी जास्त आवडेल.

वजन अजिबात वाढवू नकोस, असे मी म्हणत नाही. तुझी हाडे रुंद आहेत, वय सोळा आहे, आणि नीट व्यायामासह आठवड्याला अर्धा पौंड या बेताने चाललास तर ऑगस्टपर्यंत पंधरा-वीस पौंड अंगी लागतील आणि त्यातला मोठा भाग कामाचा असेल. २७० च्या नादी लागलास तर त्याच काळात त्याच्या दुपटीहून अधिक वजन भरावे लागेल, आणि ते बहुतांशी पोटावर बसेल. आपल्या लोकांनी याबाबत अधिक जपावे, याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. सारख्या आकड्याच्या आत आपल्याकडे चरबीचा वाटा बहुधा जास्त असतो आणि मधुमेहाचा धोकाही आपल्याला लवकर गाठतो. तेव्हा वजनकाट्यापेक्षा कंबरेच्या मापाकडे लक्ष दे, आणि बाबांसोबत जाऊन डॉक्टरांकडून रक्तातल्या साखरेची एकदा तपासणी करून घे. आईचे डिंकाचे लाडू जरूर खा. मात्र ‘कोचनी सांगितले आहे’ या सबबीवर अख्खा डबा संपवू नकोस.

ऑगस्टच्या सरावात उन्हाचाही विचार हवा. २००१ मध्ये मिनेसोटा वायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर हा ३३५ पौंडांचा, २७ वर्षांचा खेळाडू सराव शिबिरात उष्माघाताने गेला. तो व्यावसायिक होता आणि भोवती प्रशिक्षक, डॉक्टर सगळे होते. नुकतेच भरलेले वजन घेऊन पहिल्या आठवड्याच्या उन्हात धावणे ही धाडसाची गोष्ट नव्हे.

आता कोचशी बोलण्याविषयी. बाबांना पुढे करू नकोस. स्वतः जा, सरावाच्या धांदलीत नव्हे तर वेळ मागून जा. मला कोणत्या जागी उभे करण्याचा विचार आहे, सेंटरच्या समोर की गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर, हे आधी विचार. त्या जागेवर एक फट सांभाळायची की दोन, हे त्यानंतर. त्यांचे उत्तर ‘सेंटरसमोर, दोन फटी’ असे आले तर २७० हा आकडा समजण्यासारखा आहे, आणि मग ती जागा सध्या तुझी नाही हे मान्य करून दुसऱ्या जागेसाठी चाचणी माग. उत्तर ‘एक फट’ असे आले तर २४५ पौंडांवर पहिल्या पावलाचा वेग दाखवण्याची संधी माग, आणि ती कोणत्या तारखेला, कोणासमोर मिळेल हे ठरवून घे. आणि ‘आमच्याकडे लाइनमन असेच असतात’ एवढेच उत्तर आले, तर त्यांच्याकडे कारण नसून केवळ सवय आहे हे तुझ्या लक्षात येईल. तेव्हाही वाद न घालता चाचणीच माग, कारण सवय मोडायला कोचला डोळ्यांसमोर काहीतरी दिसावे लागते.

कॉलेजचा विषय तू शेवटी घाईघाईने काढला आहेस. मोठ्या विद्यापीठांचे निवडकर्ते वजनापेक्षा सांगाडा आणि हातांची लांबी आधी पाहतात, कारण वजन त्यांना घालता येते, हात लांब करता येत नाहीत. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरून माप घे आणि मला कळव. तिसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, पण तुझ्या बांध्याच्या मुलांना तिथे पुष्कळ वाव असतो, आणि तुझे गणिताचे गुण पाहता आई-बाबांची त्याला हरकत असेल असे वाटत नाही.

कोचची भेट या आठवड्यात घे. कुस्तीचा हंगाम सुरू झालेला आहे, तेव्हा त्या संघात नाव घालायचे तर भेटीची वाट पाहू नकोस. त्यांनी सांगितलेली जागा आणि तुझ्या हातांचे माप दोन्ही कळले की ऑगस्टचे वजन किती ठेवायचे ते आपण ठरवू.

तुझा
काका