तेच सूत्र चार ठिकाणी

प्रश्न : ताई, मी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. वडील गावातल्या दूध संस्थेचं काम बघतात, म्हणून त्यांच्यासाठी दहा दिवसांच्या बिलाचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. दोनशे चाळीस ओळी झाल्या. बिल बरोबर येतं, दोनदा हाताने ताडून पाहिलं. सरांना दाखवला तर म्हणाले, "यात एकही फंक्शन नाही, म्हणजे नाव देऊन एकदाच लिहिलेला आणि हवा तिथे बोलावता येणारा तुकडा नाही. फंक्शन आणि मॉड्यूल करून आण." चालतंय ते मोडायचं कशाला? तरी प्रयत्न केला, तर एसएनएफचं (दुधातल्या फॅट सोडून उरणाऱ्या घन भागाचं) फंक्शन स्क्रीनवर 8.7 दाखवतं आणि पुढच्याच ओळीला प्रोग्रॅम पडतो. 'नन'मधून आकडा वजा होत नाही म्हणतो.
– एक विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : "चालतंय ते मोडायचं कशाला" हे मीही म्हणत होते. 2001 साली, अशाच एका दूध संस्थेच्या कामात. मला उत्तर दिलं ते दोन म्हशींच्या धन्याने, म्हणजे एका म्हातारीने.

तेव्हा प्रोग्रॅम लिहायला फॉक्सप्रो होतं. मी सकाळची पावती, संध्याकाळची पावती, दहा दिवसांचं बिल आणि महिन्याचा तक्ता असे चार प्रोग्रॅम लिहिले होते. एसएनएफचं सूत्र चारही ठिकाणी होतं. एकदा लिहिलं आणि तीनदा चिकटवलं. डिग्री (दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरचा आकडा) भागिले चार, अधिक फॅटच्या 0.21 पट, अधिक एक ठरावीक आकडा. तो ठरावीक आकडा आमच्याकडे 0.14 होता. एके दिवशी वरून निरोप आला, उद्यापासून 0.36 धरा. मी रात्री बसून दोन्ही पावत्या बदलल्या, तक्ता बदलला, चहा प्यायले आणि घरी गेले. बिल राहिलं.

दहा दिवसांनी म्हातारी आली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वीसही पावत्या, रबर लावून. "बाई, तुझी चिठ्ठी एक सांगतीया आन् बिल दुसरंच." लिहिता-वाचता यायचं नाही, पण नातवाकडून बेरीज करून आणलेली. तिच्या म्हशींची फॅट 6.5, डिग्री 28. आता तूच कर हिशेब. 28 भागिले 4 म्हणजे 7, त्यात 1.365, त्यात 0.36, झाले 8.725. पुढचं तोडून पावतीवर 8.7. बिलात जुना आकडा, म्हणून 8.505, म्हणजे 8.5. दोन पॉइंटचा फरक. त्या वेळी आमच्या तक्त्यात एका पॉइंटला लिटरमागे दहा पैसे होते. रोज आठ लिटर, दहा दिवसांचे ऐंशी. सोळा रुपये कमी आले होते तिला. आणि ती एकटीच नव्हती, डबा घेऊन येणारी ती पहिली होती एवढंच. पुढचे तीन दिवस मी प्रत्येक सभासदाच्या फरकाची यादी काढत बसले. फॉक्सप्रोत फंक्शन नव्हतं असं नाही. होतं. मीच केलं नव्हतं.

तुझ्या दोनशे चाळीस ओळींत हे सूत्र किती वेळा आलंय ते आधी मोज. गाय आणि म्हैस वेगळी लिहिली असशील, सकाळ-संध्याकाळ वेगळी, म्हणजे माझा अंदाज चार. शोधायची सोय असते एडिटरमध्ये, 0.21 शोध. जो आकडा एकापेक्षा जास्त जागी सापडेल, तिथून सुरुवात कर. बाकीचं सध्या तसंच राहू दे. बिलाच्या डोक्यावर संस्थेचं नाव छापायच्या तीन ओळी एकदाच येतात. त्यांचं फंक्शन केलं नाहीस म्हणून कुणाचे सोळा रुपये जात नाहीत.

आता तुझा 'नन'. पत्रासोबत पाठवलेलं फंक्शन बघितलं, शेवटच्या ओळीला तू प्रिंट लिहिलंयस. संस्थेतलं रोजचं दृश्य आठव. आत फॅट काढणारा बसलाय, बाहेर खिडकीशी लिहिणारा. आतला नुसता "आठ पॉइंट सात!" असं ओरडला आणि चिठ्ठी पुढे सरकवलीच नाही, तर लिहिणाऱ्याच्या हातात काय येणार? ऐकू सगळ्यांना गेलं, पण कागद कोराच. प्रिंट म्हणजे ते ओरडणं. रिटर्न म्हणजे चिठ्ठी हातात देणं. रिटर्न नसेल तर पायथन कोरी चिठ्ठी देतो आणि तिचं नाव 'नन'. पुढच्या ओळीला तू त्यातून म्हशीच्या दुधाचा पाया, म्हणजे दर ठरवायचा मूळ एसएनएफ, 9.0 वजा करायला गेलास, तो कोऱ्या कागदातून कसा वजा होणार? म्हणून असं लिही. इथे छपाईसाठी सगळं देवनागरीत देते, डेफ आणि रिटर्न हे शब्द तू इंग्रजीतच टाईप करायचेस :

डेफ एसएनएफ_काढ(फॅट, डिग्री):
    रिटर्न डिग्री / 4 + 0.21 * फॅट + 0.36

दोन ओळी. स्क्रीनवर दाखवायचं काम यात नको. दाखवायचं की बिलात धरायचं, ते जो बोलावेल तो ठरवेल.

इथे एक खड्डा आहे आणि तो 'नन'पेक्षा वाईट, कारण प्रोग्रॅम पडत नाही. घाईत कंसातले दोन आकडे उलटे टाकलेस, आधी 28 आणि मग 6.5, तर पायथन निमूटपणे 28 ला फॅट समजतो. 6.5 भागिले 4 म्हणजे 1.625, अधिक 5.88, अधिक 0.36. उत्तर 7.865. बघ या आकड्याकडे. पाणी घातलेल्या दुधाचा वाटतो की नाही? चुकीचा वाटतच नाही. तुझ्या प्रोग्रॅमने एखाद्या सज्जन माणसाला भेसळीवाला ठरवलं आणि तुला पत्ताही नाही. म्हणून बोलावताना नावं लिहायची : एसएनएफ_काढ(फॅट=6.5, डिग्री=28). मग क्रम उलटा झाला तरी बिघडत नाही. चार अक्षरं जास्त टाईप करायचा कंटाळा येतो, मलाही येतो, पण जिथे दोन्ही आकडे दशांशातले असतात तिथे मी कंटाळा करत नाही.

दुसरं फंक्शन रुपयांचं कर. तू बिल पूर्ण रुपयात आणायला पायथनचा राउंड वापरलायस, तोही तीन जागी. शाळेत आपण शिकलो की अर्धा आला की वर जायचं. पायथन 3 चा राउंड तसं करत नाही, बरोबर अर्धा असेल तर जवळच्या सम आकड्याकडे जातो. 412.50 चे 412 होतात आणि 413.50 चे 414. एकाच गल्लीतल्या दोन घरांत एकाचे पन्नास पैसे गेले, दुसऱ्याला पन्नास पैसे मिळाले. दोघे पारावर बसले की विषय निघणारच! संस्थेचा नियम अर्ध्याला वर न्यायचा असेल तर आपलं फंक्शन लिही, रकमेत 0.5 मिळवून इंटने दशांश तोडून टाक. 412.50 चे 413, 413.50 चे 414. उद्या कमिटीने ठराव केला की रुपयात नको, पैशांसकट द्या, तर त्या एका जागी बदललं की झालं. वडिलांना एवढं दाखव, सरांच्या आधी तेच पटवून घेतील.

मॉड्यूलचं काम त्यानंतरचं. मॉड्यूल म्हणजे काही वेगळं नसतं, साधी फाईलच. ही दोन-तीन फंक्शनं उचल आणि दूधदर नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये ठेव. पावतीच्या प्रोग्रॅममध्ये वरती इम्पोर्ट दूधदर, बिलाच्या प्रोग्रॅममध्येही तेच. सूत्र एकाच कागदावर, वाचणारे दोघे. माझ्या फॉक्सप्रोत याच कामाला 'सेट प्रोसीजर टू' म्हणायचे, म्हातारी येऊन गेल्यावर मी ते शिकले.

फक्त एक लक्षात ठेव. इम्पोर्ट केलं की पायथन ती फाईल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालवतो. तू सगळीच्या सगळी जुनी फाईल दूधदर म्हणून ठेवलीस, तर पावतीचा प्रोग्रॅम उघडताच "सभासद क्रमांक टाका" असं विचारेल आणि तू चक्रावशील. म्हणून त्या फाईलमध्ये नुसती फंक्शनं ठेव. तपासणीसाठी दोन ओळी हव्याच असतील तर त्या इफ __नेम__ == "__मेन__" या ओळीखाली आत सरकवून लिही. त्या ओळीचा अर्थ एवढाच की ही फाईल स्वतः चालवली असेल तरच पुढचं कर, कुणी बोलावून घेतली असेल तर गप्प बस. तपासणीला माझ्या म्हातारीचा आकडा वापर, 6.5 आणि 28, उत्तर 8.725 आलं पाहिजे. स्क्रीनवर शेपटाला भलतेच दशांश दिसले तर घाबरू नकोस, संगणक दशांश आपल्यासारखे साठवत नाही. तिसऱ्या दशांशापर्यंत जुळलं की पुरे.

हे सरांचं फॅड नाही, हेही सांगते. 1949 मध्ये केंब्रिजला एडसॅक नावाचा संगणक सुरू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि त्यांच्या सोबत्यांनी दोन वर्षांत 87 छोटे तयार प्रोग्रॅम जमवले होते. ते कागदी फितीवर भोकं पाडून कपाटात ठेवलेले असायचे. वर्गमूळ हवं की कपाटातून ती फीत काढायची आणि यंत्राने आपल्या फितीवर उतरवायची. हाताने उतरवताना चूक होते हे त्यांना पहिल्याच वर्षात कळलं होतं. मला पन्नास वर्षांनी कळलं.


प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना पायथनची तोंडओळख करून देतो. मुलं फंक्शनची नावं मराठीत देऊ का म्हणून विचारतात. द्यावीत का?
– एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : द्या की. 2008 मध्ये आलेल्या पायथन 3 पासून देवनागरी नावं चालतात. डेफ, इफ, रिटर्न हे भाषेचे स्वतःचे शब्द मात्र इंग्रजीच राहतात. उलट मुलांना एक फायदा होतो, इंग्रजी आहे ते पायथनचं आणि मराठी आहे ते माझं, हे एका नजरेत दिसतं.

एक त्रास सांगून ठेवते, नाहीतर तासाला पंचाईत होईल. साऱ्यांची_बेरीज असं नाव एका मुलाचं चालेल आणि शेजारच्याचं नाही, दिसायला दोन्ही सारखी असूनही. काही कीबोर्डवर 'ऱ्या' टाईप करताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घुसतं. नावात ते आलं की पायथन अडून बसतो, आणि चूक दाखवणाऱ्या संदेशात यू+200डी असं काहीतरी, म्हणजे त्या जोडचिन्हाचा क्रमांक, दिसतं. नाव खोडून दुसऱ्या कीबोर्डवर लिहायचं, किंवा सरळ सगळ्यांची_बेरीज म्हणायचं.

आकड्यांची गंमतही मुलांना दाखवा. इनपुटला मुलाने १२ असं देवनागरीत टाईप केलं तरी इंट त्याचं बारा करतो. पण थेट प्रोग्रॅममध्ये १२ लिहिलं तर चालत नाही. हे मला माझ्या भाच्याने दाखवलं, तोवर मी कधी करूनच बघितलं नव्हतं.

मोठ्या वर्गात गेल्यावर, चौघांनी मिळून काम करायचं असेल तेव्हा मात्र रोमन नावं बरी, कारण प्रत्येकाच्या संगणकावर मराठी टाईप करायची सोय असेलच असं नाही.


प्रश्न : सापशिडीसाठी फासा टाकायचा प्रोग्रॅम केला. पुस्तकातल्यासारखं रँडम हे कुठलाही आकडा काढून देणारं मॉड्यूल इम्पोर्ट केलं, त्यातलं रँडइंट वापरलं. तर म्हणतो, रँडममध्ये रँडइंट नावाचं काही नाहीच. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम चालतो.
– एक विद्यार्थिनी, बारावी, सातारा

उत्तर : तू स्वतःच्या फाईलला काय नाव दिलंयस? पत्रात लिहिलं नाहीस, पण मी पैज लावते, रँडमच. पायथन मॉड्यूल शोधायला निघतो तो आधी तुझा प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे, आणि मग स्वतःच्या भांडारात. त्याला दारातच रँडम नावाची फाईल भेटली, तुझीच, आणि तिच्यात रँडइंट कुठून असणार? घरात दोन सुरेश असले की हाक मारल्यावर जवळचा येतो तसं. 2024 च्या ऑक्टोबरात आलेल्या 3.13 पासून पायथन स्वतःच सांगतो की बाई, फाईलचं नाव बदल. त्याआधीच्या आवृत्त्या भलतंच काहीतरी बोलतात.

फाईलला सापशिडी म्हण. इम्पोर्टच्या ओळीला हात लावू नकोस, ती पहिल्यापासून बरोबर होती.