वही कपाटातून बाहेर काढा

आपले पत्र दोनदा वाचले. मुलगी इतिहास विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अंतर्गत परीक्षेत ‘दख्खनच्या उठावाची कारणे लिहा’ या प्रश्नाला तिला 10 पैकी 4 गुण मिळाले, आणि राज्यसेवेची पोस्ट दोन वर्षांत निघावी म्हणून पुण्यातला कोणता क्लास लावावा व कोणत्या नोट्स पाठ करून घ्याव्यात, असे आपण विचारले आहे. सोबत तिच्या उत्तरपत्रिकेच्या पानाचा फोटो पाठवलात हे बरे केलेत.

गुणांची मला फारशी चिंता वाटली नाही. अस्वस्थ केले ते पत्राच्या शेवटी आपण सहज लिहून गेलेल्या एका वाक्याने: ‘नसत्या शंका लिहून ठेवलेली तिची वही मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.’ वीस वर्षांच्या मुलीची वही कुलपात ठेवावी, असे त्या वहीत काय होते, हे आपण लिहिलेले नाही. ती वाचली की नाही, हेही नाही. जिल्हा बँकेत तीस वर्षे कर्ज विभाग सांभाळलेला माणूस कागद न वाचता बाजूला ठेवत नसावा, असा माझा समज होता. आपली काळजी खरी आहे, घरात पहिली सरकारी नोकरी यावी ही इच्छाही रास्त आहे. पण मुलीने शंका घेणे हा आपल्याला तिचा दोष वाटतो आहे आणि तिने निवडलेल्या विषयात नेमके तेच तिचे भांडवल आहे. तेव्हा क्लासच्या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार नाही.

आपण लिहिता की प्राचीन इतिहासात वाद असतात, आधुनिक इतिहास मात्र सरळ आहे, सगळे छापलेले आहे, पाठ करायचे तेवढे बाकी. हा गैरसमज फार जणांचा आहे. आधुनिक काळाचा कागद भरपूर आहे हे खरे, परंतु त्यातला मोठा भाग राज्य करणाऱ्यांनी, स्वतःच्या कामासाठी आणि स्वतःच्या बचावासाठी तयार केलेला आहे; म्हणूनच तो कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिला, हे आधी विचारल्याशिवाय त्यातला मजकूर वापरता येत नाही. आपल्या मुलीने जो विषय लिहिला तोच घ्या. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासची रयत जमली, सावकारांकडून हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. मग हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. मुंबई सरकार सुरुवातीला याकडे गांभीर्याने पाहण्यास तयार नव्हते. 1857 ची आठवण ताजी असलेल्या हिंदुस्थान सरकारने दडपण आणले तेव्हा चौकशी आयोग बसला, आणि त्याचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. सरकारी साऱ्याचा बोजा हे उठावाचे कारण आहे का, हे तपासणे आयोगाच्या कामातच होते. निष्कर्ष निघाला तो असा, की सारा कारण नाही, रयतेचा राग सावकारांवर होता. मुलीने लिहिले आहे: ‘आयोग सरकारनेच नेमलेला असल्याने त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.’ या ओळीशेजारी लाल शाईत ‘पुस्तकातील मुद्दे लिहा’ असा शेरा आहे. मी तपासनीस असतो तर त्या ओळीला पूर्ण गुण दिले असते.

त्यापुढच्या ओळींना मात्र दिले नसते, हेही तिला सांगा. ‘म्हणून हा अहवाल खोटा आहे’ असे लिहून ती थांबली आहे, आणि इथे तिची घाई झाली आहे. शंका घेणे ही सुरुवात असते. तिच्यानंतर ताडून पाहण्याचे कष्ट येतात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 नंतर इंग्लंडला आपल्याकडचा कापूस हवा होता, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते; 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, उधारी आटली आणि अशा वेळी नव्या जमाबंदीत, म्हणजे साऱ्याच्या नव्या आकारणीत, सारा 50 ते 100 टक्क्यांनी वाढवण्यात आला. हा संदर्भ शेजारी ठेवला की आयोगाचा निष्कर्ष किती अपुरा आहे ते आपोआप दिसते, त्याला खोटा म्हणण्याची गरज उरत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्या अहवालाचा निष्कर्ष संशयास्पद, त्याच अहवालात रयतेच्या आणि सावकारांच्या जबान्या, आकडे आणि प्रत्यक्ष व्यवहार नोंदलेले आहेत. 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 रुपयांहून अधिक व्याज लावल्याचे एक प्रकरण आयोगापुढेच आले होते. अहवाल फेकून दिला तर हा शेतकरीही त्याच्याबरोबर जातो. निष्कर्ष एका हातात आणि पुरावा दुसऱ्या हातात धरून वाचायला ती शिकली, की तिच्या उत्तरात आज जी चीड दिसते तिच्या जागी युक्तिवाद येईल.

हे कौशल्य परीक्षेला निरुपयोगी आहे, हा आपला ग्रह जुन्या बहुपर्यायी पद्धतीवर बेतलेला आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. पूर्वपरीक्षेसाठी सनावळ्या पाठ कराव्याच लागतील, त्या ती करेल. नेट-सेट देऊन प्राध्यापकी, पुराभिलेखागारातील काम, पत्रकारिता आणि कायदा हे रस्तेही आहेत. तिने पदवीबरोबर मोडी वाचायला शिकावे, असा मात्र माझा आग्रह राहील. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी किती गरज भासली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेलच. आणि नोंद नुसती वाचून भागत नाही, ती कोणत्या दप्तरातली, कोणत्या हेतूने केलेली, हे कळणारा माणूस तिथे लागतो.

आता आपल्यासाठी एक काम. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. व्याज साचत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. सावकाराने त्यावर तोड काढली: दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून धरायचे. याला आपल्या बँकेत काय म्हणत, हे मी आपल्याला सांगायला नको. मार्चअखेरीला सोसायट्यांचे ‘नवे-जुने’, म्हणजे जुने कर्ज कागदोपत्री फेडून नवे दाखवणे, आपण आयुष्यभर पाहिले आहे. समजण्यापुरता वर्षाला 25 टक्के दर धरा. 100 रुपयांचे तीन वर्षांनी 175 होतात, सहा वर्षांनी 306, नऊ वर्षांनी 536, आणि अठराव्या वर्षी ते 2,872 वर जातात. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुप्पटीचा जुना रिवाज पाळला असता तर सगळे मिळून 200 रुपयांवर थांबायला हवे होते. रयतेने माणसांच्या आधी वह्या का मागितल्या, याचे उत्तर या हिशेबात आहे, आणि तो वाचण्याची नजर आपल्या घरात मुलीपेक्षा आपल्याकडे अधिक आहे.

तेव्हा कपाटाचे कुलूप काढा, वही तिच्या हातात द्या आणि तिच्याशेजारी बसून हा हिशेब कागदावर मांडा. कर्जरोख्यावर रयतेचा अंगठा असेल, तर मजकूर कोणी लिहिला असेल आणि वाचून कोणी दाखवला असेल, हा प्रश्न मग तिला विचारा. ती काय उत्तर देते ते मला कळवा. क्लासविषयी त्यानंतर बोलू.