'अशुभ' चिठ्ठी आणि तिचा कागद

प्रश्न : टोकियोतील असाकुसाच्या सेन्सो-जी मंदिरात आम्ही ओमिकुजी, म्हणजे भविष्य सांगणारी चिठ्ठी, काढली. पत्नीला 'क्यो', म्हणजे अशुभ, चिठ्ठी निघाली आणि ती अस्वस्थ झाली. चिठ्ठी आम्ही घरी आणली, हे चुकले का? आणि हा कागद हातानेच बनवतात का?

उत्तर : त्यांना धीर द्यावा. डबा हलवून आलेल्या काडीवरचा अंक ज्या शंभर चिठ्ठ्यांपैकी एकीकडे नेतो, त्यांतील 30 'क्यो' आहेत. जुना संच तेथे तसाच जपला गेला आहे. हा प्रकार दहाव्या शतकातील तेंदाई या बौद्ध पंथाचे भिक्षू र्योगेन यांच्या नावाशी परंपरेने जोडलेला आहे. माझ्या मते चिठ्ठीचा खरा गाभा त्या एका शब्दात नाही, तर चार ओळींच्या चिनी पद्यात आणि त्याखाली आजारपण, प्रवास, विवाह, हरवलेली वस्तू यांविषयी दिलेल्या सल्ल्यात आहे. आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावणारा माणूसही पुढे कसे वागावे हेच विचारत असतो. मेइजी जिंगू या शिंतो देवस्थानात तर शुभ-अशुभ मुळीच नसते, सम्राट मेइजी व सम्राज्ञी शोकेन यांच्या वाका कविताच मिळतात. नको असलेली चिठ्ठी आवारातील दोऱ्यांवर बांधून येण्याची रीत आहे, मात्र उपदेश म्हणून ती जवळ ठेवण्यातही काही गैर नाही.

कागदाबद्दल मात्र गैरसमज नको. आज बहुतेक चिठ्ठ्या यंत्रावर बनलेल्या कागदावर छापलेल्या असतात. हाताने बनणाऱ्या वाशी या पारंपरिक जपानी कागदासाठी कोझो, म्हणजे कागदी तुतीच्या फांद्या वाफवून साल सोलतात, ती क्षारयुक्त पाण्यात शिजवतात, तिच्यातील कचऱ्याचा कण न् कण हाताने वेचून काढतात आणि कुटून तिचा लगदा करतात. मग तोरोरो-आओई या झाडाच्या मुळांचा चिकट रस घातलेल्या पाण्यात बांबूची चाळण पुन्हापुन्हा हलवून एकेक ताव उचलतात. थंडीत तो रस पातळ होत नाही, म्हणून हे काम हिवाळ्यात उत्तम होते. कोझोचे तंतू लांब असल्यामुळे असा कागद पिळून गाठ मारली तरी सहजी तुटत नाही.

पुन्हा टोकियोला गेलात, तर इकेबुकुरोहून तोबू तोजो मार्गाने सायतामा प्रांतातील ओगावा गावी अवश्य जावे. युनेस्कोने 2014 साली गौरवलेल्या तीन वाशी-परंपरांपैकी होसोकावा-शी हा कागद तेथे आणि शेजारच्या हिगाशिचिचिबू गावात आजही बनतो.